रांग टाळायची किंमत

वाचकाचं पत्र :

नमस्कार ताई,

मी ३६ वर्षांची आहे. महाराष्ट्रातून मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं, लग्नाआधी तीन वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली. लग्नानंतर न्यू जर्सीत आले. एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाशी जोडलेल्या व्हिसावर, बरीच वर्षं घरीच गेली. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळालं, मुलंही आता शाळेत जायला लागली, आणि मला नर्स व्हायचंय हे मी घरात स्पष्ट सांगितलं.

आमच्या काउंटी कॉलेजात (म्हणजे इथलं सरकारी दोन वर्षांचं कॉलेज) चौकशी केली तर आधी पूर्वअटीचे विषय करा, मग प्रवेश परीक्षा, मग नर्सिंगसाठी अर्ज, आणि तेव्हाही जागा लगेच मिळेलच असं नाही, असं सांगितलं. तेवढ्यात एका खासगी कॉलेजची जाहिरात पाहिली. ते एका कंपनीचं, फॉर-प्रॉफिट आहे. ते मला येत्या सत्रात घ्यायला तयार आहेत. पूर्वअटीचे विषय धरून तीन वर्षांत बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर पदवी, एकूण खर्च ९६ हजार डॉलर. प्रवेश विभागातल्या बाई रोज फोन करतात. शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरलं तर जागा पक्की, नाहीतर पुढच्या सत्रात फी वाढेल म्हणतात. आमचे हे म्हणतात, कर्ज काढू, नर्सला पगार चांगला असतो, दोन-तीन वर्षांत फिटेल. नणंद म्हणते, असल्या कॉलेजांच्या वाटेला जाऊ नकोस, सगळी फसवी असतात. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. काय करू? आणि खरं सांगा, माझं वय उलटून गेलंय का?

– एक वाचक, न्यू जर्सी


उत्तर :

शुक्रवारी पैसे भरू नका. बाकी सगळं सावकाश बोलू, पण एवढं आधी. चार दिवसांत निर्णय घे म्हणणारं कॉलेज तुम्हाला विचार करायला वेळ देत नाहीये, आणि ९६ हजारांच्या व्यवहारात तोच वेळ तुम्हाला सगळ्यात जास्त हवाय. पुढच्या सत्रात फी वाढली तरी ती काही टक्क्यांनी वाढेल. चुकीच्या कॉलेजात अडकलात तर त्याच्या कितीतरी पट जाईल.

आता तुमच्या नणंदेबद्दल. त्यांची काळजी रास्त आहे, पण ‘सगळी फसवी’ हे खरं नाही. फॉर-प्रॉफिट म्हणजे शिल्लक राहिलेला नफा मालकाच्या किंवा भागधारकांच्या खिशात जातो, एवढंच. त्यावरून शिक्षण चांगलं की वाईट ते ठरत नाही. चेंबरलेन युनिव्हर्सिटी फॉर-प्रॉफिट आहे, तिची मालकी अॅडटालेम या शेअर बाजारातल्या कंपनीकडे आहे, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या नर्सिंग कॉलेजांत ती मोडते. गॅलेन कॉलेज ऑफ नर्सिंगमध्ये २०२० साली एचसीए या हॉस्पिटलांच्या मोठ्या कंपनीने बहुतांश हिस्सा घेतला. अशा कॉलेजांतून शिकलेल्या नर्सेस रोज पेशंट सांभाळताहेत. उलट ना-नफा म्हणवणारी काही खासगी कॉलेजंही फी भरमसाट घेतात आणि निकाल सुमार लावतात. म्हणून पाटी बघून निर्णय घेऊ नका.

पण पाटीमागची एक गोष्ट मात्र समजून घ्यायला हवी, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. काउंटी कॉलेजात रांग का आहे?

लोकांना वाटतं सरकारी कारभार ढिला, म्हणून. तसं नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंगच्या आकडेवारीनुसार २०२३ साली बॅचलर आणि त्यापुढच्या नर्सिंग अभ्यासक्रमांना आलेले ६५,७६६ पात्र अर्ज परत पाठवावे लागले. कारणं काय दिली? शिकवायला माणसं नाहीत, आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामासाठी पाठवायला हॉस्पिटलांत जागा नाहीत. वर्गखोली आणि निधीही आहे त्या यादीत, पण खरी अडचण या दोन गोष्टींची आहे. वर्ग भाड्याने घेता येतो, बाकं विकत आणता येतात. पण एका वॉर्डात एका वेळी आठ-दहाच विद्यार्थी नेता येतात, त्यांच्यामागे एक अनुभवी शिक्षिका लागते, आणि त्याच वॉर्डावर आजूबाजूच्या चार कॉलेजांचा डोळा असतो.

मग मला सांगा, ज्या कॉलेजात रांगच नाही, त्याने ही अडचण कशी सोडवली? एकतर त्याचं एखाद्या हॉस्पिटल समूहाशी घट्ट नातं आहे आणि त्यांना खरोखर वॉर्ड मिळतात. तसं असेल तर उत्तम. नाहीतर तुम्हाला आत घेतलं जाईल, फी घेतली जाईल, आणि तीच रांग तुम्हाला आतमध्ये भेटेल. क्लिनिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाच्या, जागा मिळेनात म्हणून सत्र पुढे ढकललं जाणं, दीड तास गाडी चालवून लांबच्या नर्सिंग होममध्ये जावं लागणं, प्रसूती विभागाचा अनुभव व्हिडिओवर उरकला जाणं, ही त्या आतल्या रांगेची रूपं. बाहेरच्या रांगेत निदान तुमचं मीटर चालू नसतं.

मी काही वर्षं क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून विद्यार्थिनींना मेडिकल-सर्जिकल वॉर्डात घेऊन जात असे, म्हणून यावर जरा जास्त बोलते. सकाळी पावणेसातला रात्रपाळीच्या नर्सकडून रिपोर्ट घ्यायचा. विद्यार्थिनीला एक पेशंट मिळतो. साधा वाटणारा, मधुमेह असलेला, साठीचा गृहस्थ. तिने शुगर तपासली, जेवणाआधीच्या इन्शुलिनचे युनिट ऑर्डरप्रमाणे काढले, माझ्याकडून तपासून घेतले, हातावरचा पट्टा आणि जन्मतारीख जुळवून पाहिली. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. सुई टोचणार तोच तो म्हणतो, “नाश्ता परत पाठवा, मळमळतंय.” आता? युनिट बरोबर आहेत, ऑर्डर बरोबर आहे, वेळही बरोबर आहे, आणि तरी ते इन्शुलिन दिलं आणि त्याने काहीच खाल्लं नाही तर तासाभरात त्याची साखर धोक्याच्या खाली जाईल. विद्यार्थिनी थांबते, माझ्याकडे बघते, मी मुद्दाम काही बोलत नाही. मग ती सिरिंज बाजूला ठेवते आणि म्हणते, “आधी नर्सला सांगते, डॉक्टरांना विचारायला हवं.” ती त्या दिवशी नर्स व्हायला लागते.

असे प्रसंग किती मिळाले त्यावर शिक्षणाचा दर्जा ठरतो. सिम्युलेशन लॅब, म्हणजे पेशंटऐवजी पुतळ्यांवर सराव, वाईट नाही, हेही सांगते. नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंगने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की चांगल्या प्रतीचं सिम्युलेशन असेल तर क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास पुतळ्यांवर शिकवले तरी निकालात फरक पडत नाही. पण त्यात प्रशिक्षित शिक्षक होते, प्रत्येक प्रसंगानंतर नीट चर्चा होत होती. महागडा पुतळा आणून कोपऱ्यात ठेवणं म्हणजे सिम्युलेशन नव्हे. तेव्हा कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅबचे दिवे आणि मॉनिटर बघून भारावू नका. विचारा, बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य आणि मेडिकल-सर्जिकल या चारही विभागांची क्लिनिकल गेल्या सत्रात नेमक्या कोणत्या हॉस्पिटलांत झाली, आणि किती तास. नावं सांगितली तर त्या हॉस्पिटलात फोन करून खात्री करता येते. “आमचे अनेक नामांकित पार्टनर आहेत” हे उत्तर नाही.

आता मान्यतेचं. त्या बाई तुम्हाला “आम्ही फुल्ली अॅक्रेडिटेड आहोत” म्हणाल्या असतीलच. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि फोनवर त्या एकाच वाक्यात मिसळल्या जातात. पहिली, राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी. ती नसेल तर तुम्हाला एनक्लेक्स या परवान्याच्या परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे रजिस्टर्ड नर्स होताच येणार नाही. दुसरी, संपूर्ण कॉलेजची मान्यता. तिच्यावर फेडरल कर्ज मिळणं आणि पूर्ण केलेल्या विषयांची क्रेडिट दुसऱ्या कॉलेजात वळती होणं अवलंबून असतं. आणि तिसरी, नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची स्वतंत्र मान्यता. ती मुख्यतः सीसीएनई, एसीईएन किंवा नॅशनल लीग फॉर नर्सिंगची सीएनईए या तीन संस्था देतात. तिसरी नसली तरी काही राज्यांत परीक्षा देता येते, पण पुढे मास्टर्सला किंवा नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणाला जाताना आणि काही हॉस्पिटलांत नोकरी मागताना दार बंद होतं. हे तिन्ही त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ याचा अर्थ आज मान्यता नाही, असाच घ्यायचा.

२०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडातलं एक प्रकरण देशभर गाजलं, ते तुम्हीही ऐकलं असेल. तिथल्या तीन नर्सिंग स्कूलांनी साडेसात हजारांहून जास्त खोटे डिप्लोमा विकल्याचं फेडरल तपासात उघड झालं. विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण परीक्षा पासही झाले होते, आणि मग राज्याराज्यांची बोर्डं त्यांचे परवाने रद्द करायला लागली. तो निव्वळ गुन्हा होता, तुमचं कॉलेज तसं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. सांगायचा मुद्दा असा, की कॉलेजचं नाव बदनाम झालं की त्याचा डाग तुमच्या सर्टिफिकेटवर राहतो, आणि तो पैशाने पुसता येत नाही.

निकालाबद्दल त्या बाई एक आकडा सांगतील : आमचा एनक्लेक्सचा निकाल अमुक टक्के. तो आकडा राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या संकेतस्थळावर असतो, तिथेच बघा आणि देशाच्या सरासरीशी ताडून बघा. अमेरिकेत शिकलेल्या, पहिल्यांदा परीक्षा देणाऱ्यांचा निकाल २०२२ मध्ये सुमारे ८० टक्के होता, परीक्षेचं स्वरूप २०२३ च्या एप्रिलमध्ये बदलल्यानंतर २०२४ मध्ये तो ९१ टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे आज एखादं कॉलेज ८२ टक्के अभिमानाने सांगत असेल तर ते सरासरीच्या बरंच खाली आहे. एकाच वर्षाचा बघू नका, चार-पाच वर्षांचे बघा.

पण या आकड्यातही एक गोम आहे, आणि ती कॉलेजवाले आपणहून सांगत नाहीत. हा टक्का परीक्षेला बसलेल्यांचा असतो. प्रवेश घेतलेल्यांचा नसतो. समजा शंभर जणींनी प्रवेश घेतला, तीस जणी पहिल्या वर्षात गळल्या, वीस जणी शेवटच्या सत्रात अडकल्या, पन्नास जणी परीक्षेला बसल्या आणि पंचेचाळीस पास झाल्या. निकाल ९० टक्के! आणि उरलेल्या पंचावन्न जणींकडे कर्ज आहे, परवाना नाही. शेवटच्या सत्रात अडकणं कसं होतं, तेही समजून घ्या. काही कॉलेजं पदवीआधी स्वतःची एक्झिट परीक्षा ठेवतात. तिच्यात ठरावीक गुण मिळेपर्यंत तुमचं नाव बोर्डाकडे पाठवतच नाहीत. सगळे विषय पास, सगळी फी भरलेली, आणि तरी एनक्लेक्सला बसता येत नाही. अशी परीक्षा ठेवणं सरसकट चूक नाही, चांगली कॉलेजंही ठेवतात, पण ती कॉलेजं नापास झालेलीला मोफत शिकवणी देतात. वाईट कॉलेजं तिला पुन्हा पूर्ण विषयाची फी भरायला लावतात.

म्हणून प्रश्न असा विचारायचा : तीन वर्षांपूर्वी ज्यांनी पहिला नर्सिंगचा विषय घेतला, त्यांतल्या किती जणी वेळेत पदवी घेऊन बाहेर पडल्या? लेखी उत्तर मागा. एसीईएनची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांना हे प्रमाण मोजावंच लागतं, त्यामुळे “आमच्याकडे तो आकडा नसतो” हे उत्तर खरं नव्हे. शिवाय शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्ड या संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजचं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, सरासरी कर्ज आणि नंतरची कमाई मिळते. रात्री मुलं झोपली की तासभर त्यावर बसा. त्या बाईंच्या दहा फोनमधून कळणार नाही ते कळेल.

आता यजमानांचा हिशेब. ते म्हणतात पगार चांगला, कर्ज फिटेल. पगार चांगला आहे हे खरंच. कामगार खात्याच्या आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये रजिस्टर्ड नर्सचा मध्यम वार्षिक पगार ९३,६०० डॉलर होता. प्रवेशवाले यावरूनच एक गणित मांडतात, आणि ते ऐकायला फार पटणारं असतं : आमच्याकडे एक वर्ष लवकर पदवी मिळाली की ९० हजार जास्त कमावले, मग फी जास्त असली तर बिघडलं कुठे? या गणिताला मी उडवून लावणार नाही. वेळेची किंमत असते, आणि तुमची कितीतरी वर्षं व्हिसाने आधीच खाल्ली आहेत. पण ते गणित पूर्ण मांडू.

काउंटी कॉलेजचा रस्ता असा : पूर्वअटीचे विषय एक वर्ष, मग नर्सिंगची असोसिएट पदवी दोन वर्षं. रांगेत एक वर्ष गेलं असं धरू, म्हणजे चार. त्यानंतर एनक्लेक्स, नोकरी, आणि नोकरी करता करता ऑनलाइन बीएसएन. सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजची फी २०२४–२५ मध्ये देशभरात सरासरी वर्षाला ४,०५० डॉलर होती. न्यू जर्सीत ती जास्त धरा, नर्सिंगच्या विषयांची जादा फी, पुस्तकं, गणवेश, परीक्षा, सगळं सढळ हाताने धरलं तरी पंचवीस हजारांत बसावं. पुढच्या बीएसएनला दहा हजार धरा, त्यातलेही बरेचसे हॉस्पिटल देतं, कारण कंपनीला कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त देता येतात आणि मोठी हॉस्पिटलं ते देतात. म्हणजे ३५ हजार विरुद्ध ९६ हजार. फरक साठ-एकसष्ट हजारांचा, आणि वाचतं जास्तीत जास्त एक वर्ष. त्या वर्षाचा पगारही नव्या नर्सचा, आणि कर कापून हातात येणारा. सगळं सुरळीत झालं तरी हिशेब जेमतेम बरोबरीला येतो. रांगेत वर्ष गेलंच नाही, तर साठ हजार सरळ पाण्यात.

आणि सुरळीत झालं नाही तर? मूल आजारी पडलं, एक विषय राहिला, सत्र बुडलं. काउंटी कॉलेजात एक सत्र बुडालं तर दोन-तीन हजार जातात. त्या खासगी कॉलेजात एका सत्राला किती पडतात, तुम्हीच ९६ हजारांना भागून बघा.

कर्जाचंही सांगते, कारण घरात यावर नीट बोलणं झालेलं दिसत नाही. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुम्हाला फेडरल विद्यार्थी कर्ज मिळू शकतं. विवाहित असल्यामुळे तुम्ही स्वतंत्र विद्यार्थिनी धरल्या जाल. तुमची मर्यादा पहिल्या वर्षी ९,५००, दुसऱ्या वर्षी १०,५०० आणि त्यापुढच्या वर्गांना १२,५०० डॉलर. म्हणजे चार वर्षांच्या पूर्ण पदवीचं धरलं तरी पंचेचाळीस हजारांच्या वर फेडरल कर्ज जाणार नाही. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची फेडरल मदत, कमी उत्पन्नाच्या घरांसाठी असतं, यजमानांच्या पगारावर ते मिळणं अवघड दिसतं. मग उरलेले पन्नास हजार कुठून? घरच्या पैशातून, किंवा खासगी कर्जातून, ज्यावर यजमानांनाही सही करावी लागेल. दहा टक्के व्याजाने पन्नास हजार दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे ६६० डॉलर हप्ता, आणि शेवटी परत केलेले एकूण ७९ हजार. शिवाय फेडरल कर्जाचा हप्ता वेगळा. दोन-तीन वर्षांत फिटेल हे त्यांनी कागदावर मांडून दाखवावं.

खासगी कर्जाची दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. आयटीटी टेक ही फॉर-प्रॉफिट साखळी सप्टेंबर २०१६ मध्ये एकाएकी बंद पडली. तिच्यात नर्सिंगचेही विद्यार्थी होते, वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर दारं बंद. त्याआधीच्या वर्षी, २०१५ मध्ये, कॉरिंथियन कॉलेजेस या दुसऱ्या साखळीचं तेच झालं. फेडरल कर्ज असेल तर कॉलेज बंद पडल्यावर किंवा कॉलेजने फसवल्याचं सिद्ध झाल्यावर ते माफ होण्याची तरतूद आहे. आयटीटीच्या २,०८,००० कर्जदारांचं ३.९ अब्ज डॉलरचं उरलेलं कर्ज फसवणुकीच्या कारणावरून २०२२ मध्ये माफ केलं गेलं, पण बघा, मधे सहा वर्षं गेली. आणि खासगी कर्जाला ही तरतूद लागूच नाही. कॉलेज जगात उरलं नसलं तरी बँकेचा हप्ता चालू राहतो.

प्रवेश कराराची प्रत आधी मागून घ्या आणि परताव्याचं कलम वाचा. सत्राचा साठ टक्क्यांहून जास्त काळ उलटल्यावर तुम्ही सोडून गेलात, तर त्या सत्राच्या फेडरल मदतीतलं काही परत जात नाही, पूर्ण कर्ज तुमच्या नावावर राहतं. वाद झाला तर कोर्टात न जाता लवादाकडे जायचं, असं कलम आहे का तेही बघा. करार घरी न्यायला देत नसतील, ‘इथेच टॅबलेटवर सही करा’ म्हणत असतील, तर उठून या. यापेक्षा वेगळा सल्ला माझ्याकडे नाही.

तर मी तुमच्या जागी काय केलं असतं? काउंटी कॉलेजात पूर्वअटीचे विषय येत्या सत्रातच सुरू केले असते. ते वाया जाण्याचा धोका सगळ्यात कमी आहे, कारण अॅनॉटॉमी-फिजिऑलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स हे विषय जवळपास सगळीकडे लागतात आणि काउंटी कॉलेजची क्रेडिट बहुतेक ठिकाणी चालतात. उलट फॉर-प्रॉफिट कॉलेजची क्रेडिट दुसरीकडे चालतील याची शाश्वती नसते, आणि मधेच सोडावं लागलं तर तीच गोष्ट सगळ्यात जास्त नडते. तुमच्या बी.एस्सी.चं विषयवार मूल्यांकन करून घ्या. मायक्रोबायोलॉजीची सूट मागा, पण अनेक कॉलेजं पाच-सात वर्षांपेक्षा जुने विज्ञानाचे विषय धरत नाहीत, तेव्हा नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. आणि मूल्यांकनात तुमच्या पदवीला अमेरिकन बॅचलरचा दर्जा मिळाला तर एक पदवी आधीच असलेल्यांसाठीचा वेगवान बीएसएन हा रस्ताही उघडतो, साधारण वर्ष-दीड वर्षाचा. रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठातही असा अभ्यासक्रम आहे. भारतातल्या तीन वर्षांच्या पदवीला काही ठिकाणी पूर्ण मानतात, काही ठिकाणी नाही, म्हणून मूल्यांकन आधी, स्वप्नं नंतर.

पूर्वअटीचे विषय करताना शेजारच्या काउंट्यांच्या कॉलेजांतही चौकशी करा. बाहेरच्या काउंटीची फी जास्त असते, पण ९६ हजारांच्या जवळपासही जात नाही, आणि एका ठिकाणची रांग म्हणजे सगळीकडची रांग नव्हे. प्रत्येक ठिकाणी ती वेगळ्या पद्धतीने हलते : कुठे अर्जाच्या तारखेवर, कुठे प्रवेश परीक्षेच्या आणि विज्ञानाच्या गुणांवर. जिथे गुणांवर हलते तिथे तुमच्यासारखीला वर्षभर थांबावं लागेलच असं नाही.

मधल्या वर्षात सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण घ्या. फेडरल नियमाने त्याला किमान ७५ तास लागतात, राज्य जास्त मागू शकतं. पगार थोडा आहे आणि काम कष्टाचं आहे. पेशंटला कुशीवर वळवणं, डायपर बदलणं, रात्री तीन वाजता घंटी वाजली की उठून जाणं. पण एखाद्या हॉस्पिटलात ती नोकरी मिळाली तर फीसाठी मदत मिळू शकते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हे काम आपल्याला झेपतं का आणि आवडतं का हे हजारो डॉलर घालायच्या आधी कळतं.

हे सगळं करूनही जागा मिळाली नाही, तर त्या खासगी कॉलेजचा विचार जरूर करा. तोपर्यंत बरेचसे पूर्वअटीचे विषय तुमच्या पदरात असतील, ते किती धरणार हे लेखी घ्या, म्हणजे फी तिथेच बरीच उतरेल. तिन्ही मान्यता असतील, पाच वर्षांचा निकाल सरासरीच्या आसपास असेल, निदान दोन-तृतीयांश विद्यार्थिनी वेळेत बाहेर पडत असतील, क्लिनिकलच्या हॉस्पिटलांची नावं खरी निघाली असतील, आणि खर्च फेडरल कर्ज आणि घरच्या पैशात भागत असेल, खासगी कर्जाला हात न लावता, तर बेलाशक जा. नणंदेला ही यादी दाखवा.

वयाचं विचारलंत. काउंटी कॉलेजच्या नर्सिंगच्या वर्गात तिशी-चाळिशीच्या बायका सर्रास असतात, आणि माझ्या अनुभवात त्या वॉर्डात लवकर रुळतात. आजारी माणसाशी, घाबरलेल्या नातेवाइकाशी कसं बोलायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. तुम्ही तर लॅबमध्ये काम केलंय, रिपोर्टवरचा पोटॅशियमचा आकडा बघून तुमचे कान टवकारतात, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला यायला बराच काळ जातो. चाळिशीत परवाना मिळाला तरी पुढे पंचवीस वर्षं नोकरी आहे. घाई करावी असं काही नाही त्यात.

त्या बाईंचा फोन आज पुन्हा येईल. त्यांच्यावर रागावू नका, त्यांनाही वरून आकडे गाठायला सांगितलेले असतात. एवढंच सांगा, की मला पाच वर्षांचा निकाल, वेळेत पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, क्लिनिकलच्या हॉस्पिटलांची नावं आणि कराराची प्रत ईमेलने पाठवा, मग बोलू. आणि काउंटी कॉलेजात अॅनॉटॉमी-फिजिऑलॉजीच्या पहिल्या भागाची नोंदणी कधी उघडते ते उद्याच विचारून ठेवा. संध्याकाळच्या लॅबच्या जागा सगळ्यात आधी भरतात, आणि मुलं शाळेतून घरी आल्यावर यजमान त्यांच्याकडे बघणार असतील तर तुम्हाला त्याच लागतील.